बर्फातला घाट

आम्हा चिपळूणकरांना घाट कुणी शिकवावा लागत नाही. उत्तरेला परशुरामाचा घाट, पूर्वेला कुंभार्लीचा. गाव सोडायचं म्हटलं की चढण आलीच. माझे वडील मालट्रक चालवायचे. कोकणातून मीठ आणि सुकी मासळी वर न्यायची, कराडहून गूळ आणि कांदा खाली आणायचा. सुट्टीत मी त्यांच्या शेजारी बसायचो. त्यांचे तीन नियम होते, आणि ते त्यांनी मला शाळेतल्या पाढ्यांसारखे पाठ करायला लावले होते. एक, कागद पुरे असल्याशिवाय चावी लावायची नाही. दोन, ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं. तीन, चढणाऱ्याला आधी वाट द्यायची.

मी पुढे बी. ए. झालो, कविता लिहू लागलो, आणि गाडी चालवायचं काही जमवलं नाही. पण हे तीन नियम माझ्याबरोबर राहिले, आणि २०२५ च्या जानेवारीत ते थेट आल्प्सच्या बर्फात उपयोगी पडले. त्याचीच हकीकत सांगायची आहे. आजकाल आपल्याकडची मुलं कामानिमित्त युरोपात असतात. आईवडील भेटायला जातात, आणि मग कुणीतरी म्हणतं, "चला, गाडी भाड्यानं घेऊ आणि बर्फ बघून येऊ." असं म्हणणाऱ्यांना आणि त्यांच्या मागच्या सीटवर बसणाऱ्यांना ही माहिती उपयोगी पडेल.

माझी लेक तीन महिन्यांसाठी कंपनीच्या कामाला जिनिव्हाला गेली होती. आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. फ्रान्समधलं शामोनी हे गाव तिथून साधारण ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर. माँ ब्लाँ या शिखराच्या अगदी पायथ्याशी. हिवाळी ऑलिंपिकचे पहिले खेळ १९२४ साली इथंच झाले. गावाची उंची १,०३५ मीटर, आणि गाडीनं जायला जेमतेम सव्वा तास. आपल्या हिशेबानं चिपळूणहून कराडला जाऊन यावं, एवढंच. फक्त मध्ये देशाची सीमा.

आता या सीमेची गंमत ऐका. जिनिव्हा हे स्वित्झर्लंडचं शहर, पण ते फ्रान्सच्या पोटात घुसलेलं आहे. जिनिव्हा प्रांताची हद्द बाकीच्या स्वित्झर्लंडला चिकटते ती साडेचार किलोमीटरभर. उरलेली शंभरेक किलोमीटर सगळी फ्रान्सशी. लाखाहून जास्त माणसं फ्रान्समध्ये राहतात आणि रोज सकाळी जिनिव्हात कामाला येतात. विमानतळाची धावपट्टीही हद्दीला इतकी खेटून, की ती लांबवण्यासाठी १९५६ मध्ये दोन्ही देशांनी करार करून जमिनीची अदलाबदल केली. त्याच करारातून विमानतळाच्या इमारतीत एक फ्रेंच विभाग झाला. विमानतळ स्वित्झर्लंडच्या भूमीवर, पण या विभागातून बाहेर पडलं की दोन्ही बाजूंनी कुंपण घातलेला एक रस्ता लागतो आणि तो तुम्हाला थेट फ्रान्समधल्या फर्ने गावात नेऊन सोडतो.

आमचा पहिला घोटाळा इथंच झाला. लेकीनं इंटरनेटवर सर्वांत स्वस्त गाडी पाहिली, जिनिव्हा विमानतळ असं वाचलं, पैसे भरले. आम्ही ऐटीत स्विस बाजूच्या खिडकीवर गेलो. तिथल्या मुलीनं कागद पाहिला आणि शांतपणे सांगितलं, "तुमची गाडी इथं नाही. फ्रान्सच्या बाजूला आहे." म्हणजे त्याच इमारतीत, कस्टमच्या दारापलीकडे!

स्वस्त का, ते पलीकडे गेल्यावर कळलं. स्विस बाजूच्या गाड्यांना हिवाळ्यात बर्फाचे टायर बसवलेलेच असतात आणि स्विस महामार्गाचं वार्षिक स्टिकरही लावलेलं असतं. फ्रेंच बाजूच्या गाडीला यातलं काही असेलच असं नाही. आमच्या गाडीला दोन्ही नव्हतं. बर्फाच्या साखळ्या मागितल्या, तर त्यांचे वेगळे पैसे. ते भरल्यावर डिकीत एक पिशवी आली. स्वस्ताई तिथंच संपली.

वडिलांचा पहिला नियम कागदांचा. तर कागद कोणते लागतात, ते एकदा नीट सांगतो.

आपला मूळ परवाना लागतो, आणि त्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. तो आपल्याच आर.टी.ओ.कडून मिळतो आणि जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. फ्रान्सच्या कायद्यात परवाना फ्रेंच भाषेत नसेल तर त्याचं अधिकृत भाषांतर किंवा हा आंतरराष्ट्रीय परवाना बरोबर असावा लागतो. नुसती आंतरराष्ट्रीय पुस्तिका दाखवून चालत नाही, मूळ परवानाही हवाच. क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावावर असावं लागतं, कारण अनामत रक्कम त्यावर अडकवून ठेवतात. करारात ज्याचं नाव, त्यानंच गाडी चालवायची. "थोडा वेळ मी घेतो" असं म्हणून दुसरा कुणी बसला आणि अपघात झाला, तर विमा हात वर करू शकतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गाडी कोणत्या देशात न्यायची परवानगी आहे, हे करारात लिहिलेलं असतं. ते खिडकीवरच विचारून घ्यावं. शामोनीहून माँ ब्लाँच्या पोटातून साडेअकरा किलोमीटरचा बोगदा आहे, १९६५ पासूनचा. पलीकडे इटली. तिथं पोचल्यावर मोह होतोच, की आलोच आहोत तर इटलीत चहा पिऊन येऊ. करारात इटलीचं नाव नसेल तर तो चहा फार महागात पडेल. विम्यात काय धरलेलं नाही, तेही वाचावं. टायर, काचा आणि गाडीची खालची बाजू बऱ्याचदा वगळलेली असते, आणि बर्फाच्या रस्त्यावर नुकसान व्हायचं ते नेमकं तिथंच.

माणसांच्या कागदांबद्दलही थोडं. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण डिसेंबर २००८ पासून शेन्जेन व्यवस्थेत आहे. म्हणून एकाच शेन्जेन व्हिसावर दोन्हीकडे फिरता येतं आणि सीमेवर दर वेळी शिक्का बसत नाही. याचा अर्थ पासपोर्ट खोलीवर ठेवून जावं असा नाही. फ्रान्सनं १ नोव्हेंबर २०२४ पासून आपल्या शेजारच्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली. कुठंही थांबवतात. पासपोर्ट खिशात हवा.

आम्ही निघालो. आता प्रवास कसा झाला बघा. विमानतळ स्वित्झर्लंडमध्ये. कुंपणातल्या रस्त्यानं आलो फ्रान्समध्ये, फर्नेला. या गावाच्या नावाला आता व्होल्तेरचं नाव जोडलेलं आहे, कारण तो थोर लेखक १७५९ पासून जवळजवळ वीस वर्षं तिथं राहिला. त्यानं घर निवडलं तेच सीमेजवळचं. एका देशाचं सरकार खवळलं की दुसऱ्या देशात जाता यावं म्हणून. लेखकाला सीमेचा असाही उपयोग असतो! फर्नेहून पुन्हा स्वित्झर्लंडमध्ये शिरलो, जिनिव्हा शहर ओलांडलं आणि वालारच्या नाक्यावर परत फ्रान्समध्ये. तासाभरात सीमा तीनदा ओलांडली आणि तिन्ही वेळा कुणी हात केला नाही.

शहरातून जाण्याचं कारण ते स्टिकर. स्वित्झर्लंडमध्ये महामार्गावर टोलनाके नाहीत. त्याऐवजी ४० फ्रँकचं वार्षिक स्टिकर असतं. ते काचेवर लावायचं. ऑगस्ट २०२३ पासून ते गाडीच्या नंबरावर इंटरनेटवरूनही घेता येतं. ते नसताना महामार्गावर गेलात तर दंड. साध्या रस्त्यांना ते लागत नाही. फ्रान्समध्ये उलट, आपल्यासारखे टोलनाके, जेवढं अंतर तेवढे पैसे.

लेक स्टिअरिंगवर होती. तिनं आधीच बजावलं होतं, "अब्बा, तुम्ही फक्त पाट्या वाचा." मी वाचत होतो. आणि पाट्यांनीच मला फसवलं. स्वित्झर्लंडमध्ये महामार्गाची पाटी हिरवी असते आणि इतर मोठ्या रस्त्यांची निळी. फ्रान्समध्ये महामार्ग निळा आणि मोठे रस्ते हिरवे! शहरातून जाताना मी "निळी पाटी, साधा रस्ता" असं घोकलं होतं. सीमा ओलांडल्यावर तेच घोकत राहिलो आणि महामार्गाचा फाटा चुकवला. पुढच्या चौकातून वळून यावं लागलं. कवीला रंगांचा अर्थ एका हद्दीत एक आणि दुसरीत दुसरा, हे कळायला हवं होतं. वेगही बदलतो. स्विस महामार्गावर १२०, फ्रेंच महामार्गावर १३०, पण पावसात ११०. कॅमेऱ्यानं पकडलं तर दंड येतोच, शिवाय तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याचे पैसे गाडीवाली कंपनी वेगळे घेते.

ए-४० या महामार्गानं क्लूझ, सालाँश मागे टाकून ल फायेपर्यंत आलो. तिथं महामार्ग संपतो आणि खरी चढण लागते. डोंगराच्या कुशीतून जाणारे मोठमोठे पूल आहेत. रस्ता साफ होता, दोन्ही बाजूंना बर्फ. समोर माँ ब्लाँ. आमच्या घरच्यांच्या तोंडून "सुबहानल्लाह" निघालं आणि मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

रात्री शामोनीत मुक्काम. आणि रात्रभर बर्फ पडला.

सकाळी आम्हाला ल तूर या वरच्या वस्तीत जायचं होतं. उंची १,४५३ मीटर. नव्यानं स्की शिकणाऱ्यांसाठी तिथले उतार सोपे. लेकीनं तासभराची शिकवणी ठरवली होती. वाटेवर माँरॉक नावाची वस्ती लागते. ९ फेब्रुवारी १९९९ ला इथं हिमकडा कोसळला आणि घरांत असलेली बारा माणसं गेली. म्हणून तिथं रस्ता बंदची आडकाठी पडली असेल तर पुढे कुणी हुज्जत घालत नाही. आपणही घालू नये. त्या दिवशी आडकाठी वर होती. रस्ता उघडा होता, पण पांढरा.

इथं टायरचा हिशेब समजून घेतला पाहिजे. साध्या टायरचं रबर थंडीत कडक होतं. तापमान सात अंशांच्या खाली गेलं की त्याची पकड कमी होऊ लागते, मग बर्फ असो वा नसो. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. ओळखण्याची खूण म्हणजे टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. फ्रान्समध्ये २०२१ पासून नियम आहे. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात ठरवून दिलेल्या डोंगराळ भागात गाडीला चारही हिवाळी टायर हवेत, नाहीतर निदान दोन चाकांच्या साखळ्या डिकीत हव्यात. नोव्हेंबर २०२४ पासून फक्त त्या डोंगराच्या खुणेचेच टायर चालतात. स्वित्झर्लंडमध्ये अशी सरसकट सक्ती नाही. पण चुकीच्या टायरनं तुम्ही रस्ता अडवलात किंवा कुणाला धडकलात, तर जबाबदार तुम्हीच. आणि निळ्या गोल पाटीवर साखळी बांधलेलं चाक दिसलं, की तिथून पुढे साखळी चढवल्याशिवाय जायचं नाही.

आमची गाडी एका वळणावर चाकं गरागरा फिरवत जागच्या जागी घसरू लागली. मागे उतार, उताराला ओढा. लेकीनं गाडी हळूच कडेला घेतली. दिवे लावले. रेडियमचं पिवळं जाकीट घातलं. फ्रान्समध्ये ते हाताशी ठेवणं सक्तीचं आहे, आणि डिकीत नव्हे, आत. मी पिशवी उघडली.

आणि इथं माझ्यातला ट्रकवाल्याचा मुलगा जागा झाला. म्हटलं, साखळी मागच्या चाकांना. लेक म्हणाली, "अब्बा, पुढच्या." मी ऐकलं नाही. मी वडिलांना चिखलात अडकलेला ट्रक काढताना पाहिलं होतं. फांद्या, गोणपाट, जे काही घालायचे ते मागच्या चाकांखाली. तिनं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि गप्प बसली. वीस मिनिटं, गोठलेल्या बोटांनी, आम्ही मागच्या चाकांना साखळ्या बांधल्या. ती गाडीत बसली. पुढची चाकं पुन्हा गरागरा. गाडी तसूभरही हलली नाही. उलट तिचं तोंड ओढ्याच्या बाजूला हातभर सरकलं. मागच्या सीटवरून हिची किंकाळी आली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ट्रकला ताकद मागच्या चाकांत असते. या छोट्या गाडीला ती पुढच्या चाकांत. साखळी बांधायची ती ज्या चाकांना इंजिन फिरवतं त्यांना. एवढा साधा हिशेब. वडिलांनी मागच्या चाकांखाली गोणपाट घातलं ते मागची चाकं म्हणून नव्हे. ताकद तिथं होती म्हणून. मी त्यांची कृती पाठ केली होती, कारण पाठ केलं नव्हतं.

दुसरी गोष्टही आठवली, आणि ती जास्त बोचली. ही मुलगी अठरा वर्षांची असताना गाडी शिकायचं म्हणाली, तेव्हा मीच "कशाला हवंय?" म्हटलं होतं. तिच्या मामानं तिला शिकवलं. आणि आज त्या वळणावर तिला बरोबर माहीत असलेली गोष्ट मी तिला करू दिली नव्हती. मी म्हणालो, "बेटा, तू सांग. मी धरतो."

साखळ्या सोडल्या, पुढे बांधल्या. या वेळी दहा मिनिटं लागली. थोडं पुढे जाऊन थांबून पुन्हा आवळल्या, कारण चाक फिरल्यावर साखळी सैल होतेच. साखळीवर पन्नासच्या वर जायचं नाही, आणि रस्ता साफ झाला की ती लगेच काढायची, नाहीतर टायरही जातो आणि साखळीही. म्हणून माझं सांगणं आहे, साखळी बांधण्याचा सराव गाडी घेतल्या दिवशीच, कोरड्या जागेत, एकदा करून ठेवा. बरोबर हातमोजे आणि बसायला जुनी गोणी ठेवा. आमच्याकडे यातलं काही नव्हतं.

वर पोचलो. लेक स्की शिकली, म्हणजे तासभर पडली. आम्ही दोघं काचेआड बसून कॉफी प्यालो आणि दर वेळी ती उठली की टाळ्या वाजवल्या.

उतरताना वडिलांचा दुसरा नियम आठवला. बर्फाच्या उतारावर ब्रेक दाबला की चाक अडतं आणि गाडी घसरते. म्हणून गिअर खालचा ठेवायचा, इंजिनालाच गाडी आवरू द्यायची, ब्रेक अगदी हलका. कुंभार्लीत जे खरं, ते आल्प्सच्या घाटातही खरं. एका अरुंद जागी खालून गाडी आली. लेक थांबली, तिला वाट दिली. फ्रान्समध्ये तो कायदाच आहे, अरुंद घाटात उतरणाऱ्यानं आधी थांबायचं. तिसरा नियमही असा सीमेपार आला होता. मी काही बोललो नाही, पण मला बरं वाटलं.

परतीत वालारच्या नाक्यावर स्विस कस्टमच्या बाईंनी हात केला. पासपोर्ट पाहिलेच नाहीत. विचारलं, "मांस किती?" खरंच विचारलं! शेन्जेनमुळे माणसांना मोकळीक आहे, पण मालाची सीमा तशीच आहे. फ्रान्समध्ये मांस स्वस्त, म्हणून तिकडून आणताना माणशी एक किलोच बिनजकात. आमच्याकडे फक्त चीजचा एक गोळा होता. त्या हसल्या आणि सोडलं. मला आपल्या गावांच्या वेशीवरचे जुने जकात नाके आठवले.

शेवटी गाडी परत करायची ती घेतली तिथंच, फ्रेंच बाजूला. नकाशा दाखवणारा फोन मात्र हटकून स्विस बाजूला नेतो, आणि चुकीच्या बाजूला गाडी दिलीत तर त्याचे जादा पैसे. फर्ने गाव शोधायचं आणि तिथून तो कुंपणातला रस्ता धरायचा. पेट्रोलही फर्नेतच भरून घ्यायचं.

आता कुणी विचारेल, एवढी यातायात कशाला? प्रश्न बरोबर आहे. नुसतं शामोनी बघायचं असेल तर जिनिव्हा विमानतळावरून थेट बस आहेत, आणि शामोनीच्या खोऱ्यात फिरायला आगगाडी आणि बस. मुक्कामाच्या ठिकाणाहून पाहुण्यांचं कार्ड मिळतं, त्यावर त्या खोऱ्यात बसला पैसे लागत नाहीत. गाडी घ्यायचीच असेल तर पैसे थोडे जास्त गेले तरी स्विस बाजूची, हिवाळी टायरची घ्या, आणि शनिवार टाळा. त्या दिवशी आठवड्याचे पाहुणे बदलतात आणि सगळा रस्ता मुंगीच्या गतीनं सरकतो.

एक शेवटचं. शामोनी कायमचं फ्रान्समध्ये आलं ते १८६० मध्ये, त्याआधी ते सार्डिनियाच्या राज्यात होतं. सीमा माणसं आखतात आणि माणसंच सरकवतात. चढण आणि बर्फ तिथंच राहतात. परक्या घाटात आपण बापाकडून शिकलेलं बरोबर न्यावं, पण शेजारी बसलेल्या लेकीलाही विचारावं, गाडीची ताकद कुठल्या चाकांत आहे म्हणून.